बदललेलं गाऱ्हाणं

माझं तोंड आमच्या वाडीत प्रसिद्ध आहे. काजूच्या कारखान्यात आम्ही चाळीस बायका ओळीने बसून बिया फोडतो, कटरांचा नुसता खडखडाट चाललेला असतो, तरी माझा आवाज गेटवरच्या वॉचमनला ऐकू जातो. म्हणून माझ्या ईशाने जेव्हा मला सांगितलं, की मला माणसांना बोलायला शिकवायची डिग्री घ्यायची आहे, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

"अगो, बोलायला काय शिकवायचं असतं?" मी म्हटलं. "मला कुणी शिकवलं? त्यापेक्षा गप्प बसायला शिकवायची डिग्री असेल तर बघ. तुझा बापूस आनंदाने फी भरेल."

हसू नका. मी खरंच तसं म्हटलं, आणि वर भांडी आपटली.

आता नीट सांगते. माझे यजमान दीपक मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहेत. गणपतीला येतात, शिमग्याला येतात, एरवी फोन. घरात आम्ही तिघं. मी, ईशा आणि माझे सासरे, म्हणजे मामंजी. त्यांचं नाव धाकू, पण वाडीत लहानमोठे सगळे त्यांना आबाच म्हणतात. आमच्या सोमजाई देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. शेत नावाला, घर चिऱ्याचं आणि पत्र्याचं, पण हा मान मोठा. कुणाचं लग्न असो, कुणी बोटीवर नोकरीला निघालेला असो, नारळ घेऊन यायचं आणि मामंजींनी देवीला सांगायचं. ते सांगणार, आणि एकेका वाक्याला जमलेली माणसं म्हणणार, "व्हय म्हाराजा!" मामंजींचा आवाज असा की देवी सोडा, पलीकडच्या डोंगरावरचा गुराखी पण हो म्हणेल.

चार वर्षांपूर्वी शिमग्यात पालखी आमच्या खळ्यात आली. ईशा तेव्हा नववीत, वर्गात पहिली. मी मामंजींना सांगितलं, आमच्या ईशाला डॉक्टरीण कर म्हणून गाऱ्हाणं घाला. त्यांनी घातलं. सगळ्या वाडीने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि माझी छाती अशी फुगली की चोळीचे टाके उसवायचे बाकी राहिले. देवीसमोर शब्द गेला म्हणजे गेला. त्या दिवसापासून ईशा माझ्या लेखी डॉक्टरीणच होती.

त्याच साली भातकापणीत मामंजी खळ्यात पडले. लकवा. उजवा हात गेला, आणि वाचा गेली. म्हणजे सगळी गेली असती तरी बरं, असं तेव्हा मला वाटायचं. एकच शब्द उरला होता. पेज.

"मामंजी, उठून बसवू?" "पेज." "दुखतंय का?" "पेज." "दीपकचा फोन आहे, बोलता?" "पेज, पेज!"

मी आपली पेज करून देत होते. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज. कोकणातला म्हातारा माणूस, आजारी, पेजच मागणार की! आणि वाटी तोंडाशी नेली की ते डाव्या हाताने भिरकावून द्यायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मागायची पण हीच आणि फेकायची पण हीच! एकदा मी रागाने म्हटलं, "देवीपुढे एवढं बोललात, सुनेशी एक शब्द धड बोलू नका." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते मला अजून दिसतं.

ईशाने त्यांना रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात नेलं. मी कारखान्यात खाडा करू शकत नव्हते. तिथे बोलण्याच्या उपचारांच्या एक मॅडम होत्या. त्यांनी तासभर मामंजींना चित्रं दाखवली, वस्तू दाखवल्या, आणि ईशाला सांगितलं, "यांना सगळं कळतंय. डोक्यात शब्द आहेत, पण बाहेर यायची वाट मोडली आहे. तो एकच शब्द अडकला आहे, म्हणून तो येतो. त्यांना पेज नको आहे."

ईशाने घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी चुलीपुढे पेजच ढवळत होते. मी हातातला डाव खाली टाकला आणि मागच्या दारी जाऊन बसले. दोन महिने मी एका माणसाला त्याने न मागितलेली गोष्ट भरवत होते, आणि वर त्यालाच बोल लावत होते. लाज वाटली हो. भयंकर लाज वाटली.

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं. जे तोंडपाठ असतं, ते कधी कधी शाबूत राहतं. आरती म्हणा, पाढे म्हणा. पाहा म्हणाल्या. ईशाने आरती म्हणून पाहिली, पाढे म्हणून पाहिले. मामंजी नुसते बघत राहिले. मग एका मंगळवारी दिवेलागणीला ती त्यांच्यासमोर उभी राहिली, हातात नारळ दिला आणि त्यांच्याच चालीत म्हणाली, "बा सोमजाय माते..."

आणि मामंजी म्हणाले, "म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाशी नारळ घेऊन उभी हायत, म्हाराजा! जी काय इडापिडा आसंल ती बाराच्या वाटेन घालव, म्हाराजा!"

खणखणीत. एक अक्षर चुकलं नाही. मी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानेच धावले आणि "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" म्हणत रडायला लागले. शेजारचा हर्षद कुंपणावरून ओरडला, "काय गो काकी, आबा बोलले काय?" गाऱ्हाणं संपलं. ईशाने विचारलं, "आबा, पाणी हवं?" मामंजी म्हणाले, "पेज." आणि आम्ही तिघंही हसलो. मामंजी पण.

तिथून त्या पोरीने धरलं ते सोडलं नाही. मॅडम महिन्यातून एकदा काय करायचं ते दाखवायच्या, बाकी सगळं ही घरी करायची. दगडी गडग्याला हात लावून आंधळा चालतो ना, तसं त्या गाऱ्हाण्याच्या चालीला धरून ती त्यांना एकेक शब्द चालवायची. "बा म्हाराजा, पाणी दे, म्हाराजा!" मामंजी पाणी मागायला लागले ते असे, देवीला साकडं घातल्यासारखे. वाडीतली पोरं मुद्दाम ऐकायला यायची. हळूहळू म्हाराजा गळला, चाल गळली, आणि नुसतं "पाणी" उरलं. ईशाने एक वही केली होती. नवा शब्द आला की तारीख घालून लिहायची. पाणी. ऊन. नको. दीपक. चहा. दहावी झाली, अकरावी, बारावी झाली, वहीत एक्केचाळीस शब्द झाले. आणि मी? मी बघत होते, बरं वाटत होतं, पण माझ्या डोक्यात ते घरातलं काम होतं. डिग्री म्हणजे डॉक्टरीण.

मग नीटचा निकाल लागला. मार्क चांगले होते, पण सरकारी डॉक्टरकीला पुरतील एवढे नव्हते. आमच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष सदूभाऊ. त्याचा फोन आला. म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. आयुर्वेदाच्या एका खाजगी कॉलेजात माझी ओळख आहे, मॅनेजमेंटची जागा मिळेल. पहिल्या वर्षाचे पैसे मंडळ देईल. वाडीची पहिली डॉक्टर! पुढचं पुढे बघू." मी हो म्हणून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याच दिवशी ईशाने तिचं सांगितलं आणि मी भांडी आपटली, ते तुम्हाला सांगितलंच. पण पोरगी माझीच आहे. ती पण बसली माझ्यासमोर मांडी घालून.

"आई, ऐक. चार वर्षांचा कोर्स आहे. शेवटचं वर्ष पेशंटसोबत काम. मुंबईच्या सरकारी कॉलेजात माझा नंबर लागतोय, गुणवत्तेवर. आपलं उत्पन्न कमी आहे, मी मुलगी आहे, म्हणून शिकवण्याची फी सरकार भरणार. राहायला होस्टेल. खाणं आणि पुस्तकं, तेवढंच आपलं."

"आणि सदूभाऊ देतोय ते?"

"ते एक वर्षाचं देतात. उरलेली वर्षं कोण देणार? मॅनेजमेंटच्या जागेला सरकार काही भरत नाही."

सदूभाऊला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, बरं, बोलण्याचंच करायचं तर तेही एका खाजगी कॉलेजात आहे, इमारत बघ कशी आहे, आणि त्याने मोबाइलवर काचेची इमारत पाठवली. ईशाने मला दुसरंच काही दाखवलं. दिल्लीला एक परिषद आहे, ती कुठल्या कॉलेजची डिग्री चालते त्याची यादी काढते. त्या यादीत या काचेच्या इमारतीचं नाव नव्हतं. "इथून शिकले तर मला पेशंटला हात लावायचा परवाना मिळणार नाही, आई. सरकारी कॉलेजचं नाव बघ, हे इथे आहे." तिने दवाखान्यातल्या मॅडमना फोन करून प्रत्येक गोष्ट विचारली होती. पाठ्यपुस्तकं कुणाची जुनी मिळतील, ते पण. मला एक मुद्दा सापडेना, आणि मुद्दा सापडला नाही की मला जास्त राग येतो.

"देवीसमोर शब्द गेलाय!" मी म्हटलं. "सगळ्या वाडीने ऐकलाय. उद्या मी काय तोंड दाखवू?"

 तिने हळूच माझा हात ओढून घेतला आणि उलटा केला. काजूच्या चिकाने बोटं काळी झालेली असतात आमची, कातडी सोलते. महिन्यापूर्वी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेलो होतो तेव्हा यंत्रावर माझा अंगठा उमटलाच नव्हता. चार वेळा घासून पुसून ठेवला, नाही. शेवटी त्या पोराने डोळे तपासायचं यंत्र आणून काम केलं. मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

"तुझे अंगठे माझ्या बारावीपर्यंतच झिजले," ईशा म्हणाली. "डॉक्टर नावाच्या पाटीसाठी मी ते आणखी पाच वर्षं झिजवणार नाही. आणि तसंही मला डॉक्टर नाही व्हायचं. मला हेच करायचंय."

अहो, तिथे मी हो म्हणायला हवं होतं. माझ्या आत हो झालंच होतं. पण माझी जीभ! मी उठले आणि म्हटलं, "ज्यांनी गाऱ्हाणं घातलं त्यांनीच ते देवीपुढे बदलायचं असतं. तुझ्या आबांनी बदललं तर जा खुशाल. नाहीतर आयुर्वेद."

ज्या माणसाजवळ एक्केचाळीस शब्द आहेत, त्याला मी हे सांगत होते. मामंजी ओटीवर बसले होते. सगळं ऐकत होते. त्यांना सगळं कळतं, हे मला माहीत होतं. बोलून झाल्यावर मला दाताखाली जीभ चावावीशी वाटली, पण शब्द परत घ्यायची सवय नाही मला. ईशा म्हणाली, "ठीक आहे. गणपतीत सगळे आले की देवळात. कॉलेजात हजर व्हायची तारीख विसर्जनानंतर चार दिवसांनी आहे."

दहा दिवस होते. दहा दिवस रोज सकाळी आजा-नात विहिरीजवळच्या फणसाखाली. मी कारखान्यात जाताना बघायची. पाठ असलेलं गाऱ्हाणं मामंजी घडाघडा म्हणायचे, पण मधेच नवा शब्द घालायचा म्हटला की गाडी जुन्याच वाटेने जायची. "हिला डॉक्टरीण कर, म्हाराजा." परत पहिल्यापासून. परत "डॉक्टरीण कर". ईशाने साधं वाक्य केलं होतं, "हिला शिकायला मुंबईस धाड, म्हाराजा." मामंजी घामाघूम व्हायचे. एकदा त्यांनी डाव्या हाताची मूठ कपाळावर मारून घेतली. मी लांबून बघितलं आणि कारखान्याची गाडी चुकली तरी तिथेच उभी राहिले. मला वाटलं, जावं आणि म्हणावं, पुरे झालं, जा गो मुंबईला. नाही गेले. का, ते विचारू नका. मला वाटतं, मला ते वाक्य ऐकायचं होतं.

गौरी आल्या, चाकरमानी आले, दीपक आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "दर्शना, हा शहाणपणा तुला कुणी सांगितला होता?" आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. सदूभाऊ तर बॅनरच छापून घेऊन आला होता. 'वाडीची शान, भावी डॉक्टर कुमारी ईशा'. खाली मंडळाच्या सोळा जणांचे फोटो, ईशाचा सगळ्यात लहान. देवळाच्या आवारात दोन माडांना बांधायचा म्हणून गुंडाळी तयार.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी देवळात सगळी वाडी जमली. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे खांबाशी. दीपकनी मामंजींना धरून आणलं. ईशाने त्यांच्या डाव्या हातात नारळ दिला आणि बाजूला झाली. तिने सुरुवात करून दिली नाही. त्यांचं त्यांनीच सुरू केलं.

"बा सोमजाय माते, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. तीन वर्षांनी वाडीने तो आवाज देवीपुढे ऐकला. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. इडापिडा झाली, लेकरंबाळं झाली, गुरंढोरं झाली. मग ते आलं.

"ही आमची... ईशा..." मामंजी थांबले. "हिला... हिला..."

सगळे वाट बघत होते. मामंजींचे ओठ हलत होते. मला कळत होतं, ते डॉक्टरीण येऊ देत नव्हते. दारात आलेल्या त्या शब्दाला ते आतून दाबून धरत होते. आणि मग बाहेर पडलं ते, "पेज."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सदूभाऊ पुढे झाला. "राहू दे आबा, देवीला समजलं. चला, नारळ वाढवू या." त्याने नारळाला हात घातला.

मामंजींनी नारळ सोडला नाही. छातीशी धरला. ईशाकडे बघितलं. तिने नुसती मान हलवली, विहिरीजवळ हलवायची तशी. आणि मामंजी बोलले. चालीत नाही. ईशाने शिकवलेलं वाक्य नाही. आपलं आपण, एकेक शब्द जमिनीतून उपटून काढावा तसं.

"हिनं... मला... बोलता... केलान."

नारळावर आलेला सदूभाऊचा हात खाली आला.

"हिला... ताच... शिकू दे... म्हाराजा."

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. ओळखीचं गाऱ्हाणं नव्हतं, कधी म्हणायचं ते कुणाला कळेना. आणि माझ्या काय अंगात आलं. आमच्यात देवळात बायका म्हणत नाहीत ते. पण काजूच्या कारखान्यात यंत्रांवरून ऐकू जातो तो आवाज मी काढला.

"व्हय म्हाराजा!"

सगळी वाडी वळून बघायला लागली. दीपक म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मग हर्षद, मग सगळेच. मामंजींनी नारळ देवीपुढे ठेवला आणि खाली बसले. ईशा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, आणि मी खांबाशी उभी राहून रडत होते, आणि मला लाज वाटत नव्हती.

बाहेर सदूभाऊ बॅनरची गुंडाळी काखेत धरून उभा होता. "वहिनी, आता याचं काय करू?"

"नवीन छाप," मी म्हटलं. "डॉक्टर खोड. डिग्रीचं नाव लिही, पूर्ण. आणि खाली लिही, सरकारी कॉलेज, गुणवत्तेवर मिळालेली जागा, एक रुपया डोनेशन नाही."

"एवढं मोठं नाव बसणार नाही हो बॅनरवर."

"मग तुमचे सोळा फोटो काढा. बसेल."

बॅनर छापलान त्याने. फोटो काढले नाहीत, बॅनरच मोठा केलान. अजून आहे माडांना, उन्हाने थोडा फिका झालाय, पण मी येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून वाचायला लावते. वाचता येत नाही त्याला मी वाचून दाखवते.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी ईशा दीपकबरोबर एसटीने गेली. मामंजी ओटीवरून उठले नाहीत. जाताना तिने ती शब्दांची वही खुंटीला अडकवली आणि मला म्हणाली, "आई, आता तू." मी म्हटलं, "मला कसलं येतंय?" ती म्हणाली, "तुला तर न शिकता येतं ना?" आणि हसली. माझीच आहे मेली.

त्या संध्याकाळी घर खायला उठलं होतं. मामंजी अंगणाकडे बघत बसले होते. मी विचारलं, "मामंजी, काय हवंय?"

"पेज."

मी नेहमीसारखी हसणार होते. मग थांबले. त्यांच्यासमोर बसले, ईशा बसायची तशी, तोंडासमोर तोंड. घाई केली नाही. विचारलं, "खरीच पेज? की दुसरं काही?"

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. मी थांबले. एवढा वेळ मी आयुष्यात कुणासाठी गप्प बसले नव्हते.

"खरीच," मामंजी म्हणाले.

मी पेज टाकली आणि लगेच ईशाला फोन लावला. गाडी घाटात होती, आवाज तुटत होता. "अगो, खरीच म्हणाले! हा शब्द आपल्या वहीत नव्हता!"  ईशा म्हणाली, "लिही आई. तारीख घाल."

मी वही काढली आणि लिहिलं. मामंजी वाटीभर पेज संपवून परत मागत होते.